मिश्र माध्यमाचा एक अभ्यासक्रम आणि त्याने दिलेला उतारा

कलेमुळे मन सावरते, असे सांगणारे ऑनलाइन अभ्यासक्रम आता पुष्कळ झाले आहेत आणि त्यांतील बहुतेकांमध्ये दावा मोठा व शिकवणे थोडे असते. ज्या अभ्यासक्रमाविषयी मी येथे लिहिते आहे, त्यात हे प्रमाण उलटे आहे, म्हणूनच त्याची सविस्तर दखल घ्यावीशी वाटली. रंग, कागद, कापड, छापील मजकूर, छायाचित्रे आणि हाताशी येईल ते साहित्य एकाच पृष्ठभागावर थराथराने बसवण्याची मिश्र माध्यमाची पद्धत, हा त्याचा विषय. शिकवणाऱ्या बाईंनी कोणत्याही कलाशाळेत शिक्षण घेतलेले नाही. दीर्घ आजारपणात अंथरुणाला खिळलेल्या असताना जुनी मासिके कापून चिकटवण्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि पुढे पुस्तके, संग्रहालयांतील चित्रे व स्वतःचे फसलेले प्रयोग यांतून त्या हे माध्यम शिकल्या. चित्रफितींचे आठ भाग, साहित्याची यादी आणि दर महिन्याला सर्वांची एक ऑनलाइन बैठक, असे अभ्यासक्रमाचे स्वरूप आहे. वडिलांच्या निधनानंतर मी तो घेतला. माझे मत आधीच सांगून ठेवते: जेथे बाई जेसो, गोंद आणि कागद यांविषयी बोलतात, तेथे हा अभ्यासक्रम दुःखी माणसाला खरोखर आधार देतो, जेथे त्या आधाराविषयीच बोलू लागतात, तेथे तो सैल पडतो.

पहिला भाग सबंध पृष्ठभाग तयार करण्यात जातो. जेसो हा पांढरा लेप कशाचा बनतो, येथून बाई सुरुवात करतात: खडूसारखी कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी, टायटॅनियमचा पांढरा रंग आणि या दोहोंना धरून ठेवणारे ॲक्रिलिक. या लेपामुळे कागदाला बारीक खरखर येते आणि पुढचा रंग तिच्यात धरून राहतो. पहिला हात आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा, मध्ये बारीक पॉलिश कागदाने हलकेसे घासणे, आणि घासताना धूळ नाकातोंडात जाऊ नये म्हणून मुखपट्टी, असा क्रम त्या न घाई करता दाखवतात. ३०० ग्रॅमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागदही एकाच बाजूने ओला झाला की वळतो, म्हणून मागच्या बाजूलाही एक हात द्यायचा, ही गोष्ट मला इतर कुठे इतक्या स्पष्टपणे सांगितलेली आढळली नव्हती. त्यानंतरचा स्वाध्याय असा की, वाळलेल्या जेसोवर पेन्सिलीने मनात येईल ते लिहायचे आणि त्यावर पुन्हा जेसो फिरवायचा. लेप पातळ असेल तर अक्षरे अंधुक दिसत राहतात. ब्रश जोराने फिरवला तर पेन्सिलीचे शिसे ओल्या जेसोत मिसळते आणि सगळा कागद राखाडी होतो. किती झाकायचे आणि किती दिसू द्यायचे, हे ब्रशवरच्या दाबाने ठरते. बाई या ठिकाणी मनाविषयी एक शब्दही उच्चारत नाहीत. त्या फक्त दाब कमी करा, ब्रश आडवा धरा, एकाच जागी दोनदा फिरवू नका, एवढेच सांगतात, आणि ऐकणाऱ्याला आपण काय करतो आहोत हे आपोआप उमगते.

दुःखात असलेल्या माणसाला कोरा पांढरा कागद समोर ठेवून ‘व्यक्त व्हा’ असे सांगणे किती निष्ठुर असते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला या मांडणीचे मोल कळेल. येथे पहिल्या भागात चित्र नाहीच, त्यामुळे ते बिघडण्याची धास्तीही नाही. काम मात्र भरपूर आहे. त्यातच लेप वाळण्यासाठी थांबावे लागते आणि हे थांबणे कोणी उपदेश म्हणून सांगत नाही. साहित्यच ते करायला लावते.

दुसऱ्या भागात रंगछटांची तोंडओळख आहे. तो ठीक आहे, त्यावर फार थांबण्याचे कारण नाही.

तिसरा भाग कोलाजचा. येथे बाई माध्यमाचा इतिहास सांगतात आणि तो चांगला सांगतात. १९१२ साली पिकासोने खुर्चीच्या वेताच्या विणीचे चित्र छापलेले मेणकापड कॅनव्हासवर चिकटवले आणि त्याच वर्षी चित्रकार ब्राकने लाकडाच्या रेषांचा छापील भिंतकागद कोळशाच्या रेखाटनात बसवला, येथून आधुनिक चित्रकलेत चिकटवलेल्या वस्तूला जागा मिळाली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतील हानोफरमध्ये कुर्ट श्विटर्स ट्रामची तिकिटे, वेष्टने, तारा, लाकडाचे तुकडे गोळा करून चित्रे रचू लागला. मोडून पडलेल्या जगाचे तुकडेच हाताशी असतील तर त्यांतूनच काहीतरी उभे करायला हवे, ही त्याच्या कामामागची दृष्टी बाई त्याच्या चित्रांतून दाखवून देतात, नुसती सांगत नाहीत. फ्रेंच चित्रकार मातीसविषयीचे त्यांचे विवेचन मला सर्वांत आवडले. १९४१ मध्ये पोटाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर मातीसला चित्रफळ्यासमोर फार वेळ उभे राहणे शक्य उरले नाही. मग सहायक कागद रंगवून देत आणि तो पलंगावर किंवा चाकाच्या खुर्चीत बसून कात्रीने त्यांतून आकार कापत असे; १९५४ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याचे हे काम चालू होते. ही गोष्ट सांगताना कलेने त्याचा आजार बरा केला, असे बाई चुकूनही म्हणत नाहीत. शरीराने जेवढी मुभा दिली, तेवढीत बसणारे हत्यार त्याने शोधले, असे त्या म्हणतात, आणि स्वतः आजारपण काढलेल्या व्यक्तीच्या तोंडी हे वाक्य फार नेमके वाटते.

चौथा भाग हा या अभ्यासक्रमाचा गाभा आहे. त्यात छापील प्रतिमा एका पृष्ठभागावरून दुसऱ्यावर उतरवण्याची पद्धत शिकवली आहे. लेसर प्रिंटरवर काढलेल्या प्रतीच्या छापील बाजूला जेल मीडियमचा, म्हणजे वाळल्यावर पारदर्शक होणाऱ्या दाट ॲक्रिलिक लेपाचा, सारखा थर द्यायचा, ती उलटी करून तयार कागदावर बसवायची, रोलरने आतली हवा काढायची आणि पूर्ण वाळू द्यायचे. नंतर मागची बाजू ओल्या स्पंजने भिजवून बोटांच्या पोटांनी कागद हळूहळू घासून काढायचा. कागदाचा लगदा गोळ्या होऊन निघत जातो आणि टोनरची, म्हणजे लेसर प्रिंटरच्या भुकटी-शाईची, काळी अक्षरे मात्र त्या पारदर्शक थरात अडकून राहतात. ओले असताना सारे स्वच्छ दिसते. वाळले की उरलेल्या तंतूंचा पांढुरका पडदा पुन्हा वर येतो आणि पुन्हा भिजवून घासावे लागते. अक्षरे उलटी उमटतात, म्हणून मजकूर सुलटा हवा असेल तर प्रत काढतानाच तो आरशातल्यासारखा फिरवून घ्यावा लागतो.

या भागातील एक प्रसंग बाईंनी कापून टाकला असता तर कोणाच्या लक्षातही आले नसते. एका जुन्या छायाचित्रातील चेहरा उतरवताना त्यांच्याच बोटाखाली गालाचा तुकडा निघून आला. त्या क्षणभर थांबल्या, बोटाला चिकटलेला तुकडा त्यांनी कॅमेऱ्यापुढे धरला आणि घासण्याचा जोर कोठे जास्त झाला ते समजावून सांगितले. मग त्या रिकाम्या जागेवर पातळ टिश्यू कागद ठेवून त्यावर जेल मीडियम फिरवले. तो कागद मीडियम पिऊन जवळजवळ पारदर्शक झाला आणि गालाच्या जागी एक फिकट सुरकुती राहिली. चेहरा पूर्ववत झाला नाही, तरी चित्र पुढे चालू शकले. स्वतः धडपडून शिकलेल्या माणसाकडून शिकण्याचा लाभ कोणता, असे मला कोणी विचारले तर मी या काही मिनिटांकडे बोट दाखवीन. ज्याला कोणी दुरुस्त करून दिलेले नाही, त्याला दुरुस्तीच्या सगळ्या वाटा ठाऊक असतात.

या स्वाध्यायासाठी स्वतःच्या आयुष्यातील हस्ताक्षर वापरायचे होते. माझ्याकडे वडिलांची औषधांची वही होती. रेघी पानांवर त्यांनी पट्टीने रकाने आखले होते, प्रत्येक गोळीचे नाव आपल्या नेटक्या, किंचित डावीकडे झुकलेल्या अक्षरांत लिहिले होते आणि गोळी घेतली की पुढे बरोबरची खूण केली होती. शेवटच्या पानावर सकाळच्या गोळ्यांपुढे खुणा आहेत, संध्याकाळचे रकाने मोकळे आहेत. ती वही मी कपाटातून बाहेर काढू शकत नव्हते. मात्र मूळ कागद कधीही चित्रात वापरू नका, त्याची प्रत काढा आणि मूळ कागद जागच्या जागी ठेवून द्या, अशी बाईंची सक्त सूचना होती, आणि त्या सूचनेमुळे वही हातात घेणे जमले. प्रत काढायची म्हणजे पान सरळ करायचे, काळोखी किती ठेवायची ते ठरवायचे, अक्षर मोठे करून पाहायचे. ही सगळी कामे होती आणि कामे करता येतात. पुढे कागद घासताना वडिलांचा ‘ळ’ माझ्या बोटाखाली इंचभर उंच होऊन उघडा पडत गेला. त्याची खालची गाठ ते किती घट्ट ओढत असत, हे त्यांच्या हयातीत मी कधी पाहिले नव्हते. बराच वेळ माझे सारे लक्ष त्या गाठीवर होते, त्या मोकळ्या रकान्यांवर नव्हते. नंतर तेही रकाने मी उतरवले. ते पान आता एका मोठ्या कागदाच्या तळाशी आहे, त्यावर निळ्या रंगाचे पातळ थर आहेत आणि ज्याला ठाऊक आहे त्याला ते दिसते.

अशा कामाने मन हलके होते, याला माझ्या अनुभवापलीकडेही काही आधार आहे. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात ३९ प्रौढांना ४५ मिनिटे माती, रंगीत पेन आणि कोलाजचे साहित्य हवे तसे हाताळू दिले. त्यांच्यापैकी सुमारे ७५ टक्के व्यक्तींच्या लाळेतील कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, कामानंतर कमी झालेले आढळले. आधीचा कलानुभव असणे वा नसणे यामुळे त्यात ठळक फरक पडला नाही. हा अभ्यास लहान होता, त्यात तुलनेसाठी वेगळा गट नव्हता आणि तो निरोगी माणसांवर केलेला होता, हेही त्याबरोबर सांगायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये ३,००० हून अधिक अभ्यासांचा आढावा घेणारा अहवाल काढला आणि आजार टाळण्यापासून त्यावरील उपचारांना साथ देण्यापर्यंत कलांचा हातभार लागतो, असे त्यात नोंदवले. ‘हातभार’ एवढाच शब्द येथे योग्य आहे. औषधाची किंवा समुपदेशनाची जागा चित्रकलेने घेतल्याचे कोणतेही विवेकी संशोधन सांगत नाही.

आणि नेमका येथेच अभ्यासक्रमाचा पाय घसरतो. त्याच्या जाहिरातीत ‘थेरपी’ हा शब्द मोकळ्या हाताने वापरला आहे. या शब्दामागे एक व्यवसाय उभा आहे. क्षयरोगाच्या आरोग्यधामात स्वतः रुग्ण असताना चित्रे काढणाऱ्या आणि नंतर इतर रुग्णांनाही त्याकडे वळवणाऱ्या एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकाराने १९४२ मध्ये ‘आर्ट थेरपी’ हे नाव वापरले. पुढे १९६४ मध्ये ब्रिटनमध्ये आणि १९६९ मध्ये अमेरिकेत या व्यावसायिकांच्या संघटना स्थापन झाल्या. आज ब्रिटनमध्ये ‘आर्ट थेरपिस्ट’ हे बिरुद कायद्याने संरक्षित आहे आणि नोंदणी नसलेल्या व्यक्तीला ते लावता येत नाही. असा थेरपिस्ट समोरच्या माणसाची अवस्था पाहून साहित्य निवडतो, कोठे थांबायचे ते ठरवतो आणि जे उफाळून येते ते सांभाळायला तेथे हजर असतो. चित्रफितीला यांपैकी काहीही करता येत नाही.

पाचव्या भागात हा फरक प्रत्यक्ष जाणवतो. तेथे साहित्य बाजूला ठेवून बाई डोळे मिटायला सांगतात, आयुष्यातील सर्वांत वेदनादायक क्षण आठवायला सांगतात आणि तो रंगांनी कागदावर ‘फेकायला’ सांगतात. आधीच्या चार भागांत ज्या हाताने इतके जपून चालवले, त्यानेच येथे एकदम खोल पाण्यात ढकलावे, हे मला अजूनही समजत नाही. आठवण फारच असह्य झाली तर काय करावे, कोणाशी बोलावे, हा स्वाध्याय कोणत्या व्यक्तींनी मुळीच करू नये, यांविषयी एकही सूचना त्या भागात नाही. त्या महिन्याच्या बैठकीत एक सहभागी याच स्वाध्यायाविषयी बोलताना रडू लागल्या. बाईंनी त्यांचे अतिशय आपुलकीने ऐकून घेतले, पण आपुलकी हे प्रशिक्षण नव्हे, आणि पुढचा प्रश्न वाट पाहत होता. बाईंच्या हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही. म्हणूनच हा भाग त्यांनी काढून टाकावा किंवा एखाद्या प्रशिक्षित व्यक्तीच्या मदतीने नव्याने रचावा, असे मी त्यांना लिहून कळवले आहे. ज्यांचे दुःख ताजे आहे, ज्यांना मोठा आघात सोसावा लागला आहे किंवा जे मानसोपचार घेत आहेत, त्यांनी पाचवा भाग सरळ वगळावा. पुढचे काहीही त्यावाचून अडत नाही.

सहावा भाग पेटीतील रचनांचा आहे आणि त्याने गाडी पुन्हा रुळावर येते. येथे बाई अमेरिकन कलावंत जोसेफ कॉर्नेलचे उदाहरण घेतात. त्यानेही चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. न्यूयॉर्कमधील क्वीन्स भागातील लहानशा घरात आई आणि मेंदूच्या पक्षाघाताने जन्मापासून अधू असलेला धाकटा भाऊ यांच्यासोबत तो राहत असे. भावाची काळजी घेता घेता त्याने जुने नकाशे, पक्ष्यांची चित्रे, काचेचे पेले, मातीच्या चिलमी अशा वस्तू काचेमागील लाकडी पेट्यांत मांडल्या. त्याचे पहिले एकल प्रदर्शन १९३२ मध्ये भरले. रुग्णाची सेवा करणाऱ्या माणसाचा दिवस तुकड्यातुकड्यांनी हाती येतो, आणि तुकड्यांनी करता येईल असे काम त्याला हवे असते, हे बाईंचे निरीक्षण मला फार खरे वाटले. वडिलांच्या आजारपणात मला हे माध्यम ठाऊक असते तर, हा विचार त्या वेळी मनात आला. चिकटवायला वीस मिनिटे मिळाली तरी काम पुढे सरकते, वाळायला ठेवून उठता येते आणि परत आल्यावर ते तेथेच असते.

स्वयंशिक्षणाची दुसरी बाजूही दाखवायला हवी. ‘कशावरही काहीही चालते’ हे बाईंचे आवडते वाक्य उत्साह वाढवते, पण रसायनशास्त्राला ते मान्य नाही. वाळलेल्या ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो; तैलरंगावर ॲक्रिलिक नीट धरत नाही आणि पुढेमागे त्याचे पापुद्रे सुटतात. सातव्या भागात त्या नेमका हाच उलटा क्रम दाखवतात. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन हे लाकडातील द्रव्य असते, त्यामुळे तो उजेडात पिवळा पडून ठिसूळ होतो आणि वरून मीडियमचा थर दिला तरी पिवळेपणा थांबत नाही; आम्लरहित कागदावर त्याची प्रत काढून ती वापरावी, हे एका वाक्यात सांगता आले असते. कोणी म्हणेल की, मन हलके करण्यासाठी केलेल्या चित्राला टिकाऊपणाची एवढी काय चिंता? मला ती आहे. ज्या कागदावर माझ्या वडिलांचे अक्षर आहे, तो माझ्या हयातीत पापुद्रे धरून सुटू नये असे मला वाटते आणि असे वाटणारी मी एकटी नसेन.

आठव्या भागात पूर्ण झालेल्या कामावर शेवटचा संरक्षक थर कसा द्यावा आणि काम कसे ठेवावे, हे आटोपशीर सांगितले आहे. फवारणीचा थर द्यायचा असेल तर तो मोकळ्या हवेत द्यावा, ही सूचना त्यात आहे. चित्रीकरण स्वच्छ आहे, कॅमेरा हातांवर राहतो, उपशीर्षके अचूक आहेत. बैठकांमध्ये कोणाच्याही कामाला चांगले-वाईट ठरवले जात नाही. ‘हा थर कसा दिलात’ असे विचारले जाते आणि लाजरी माणसेही त्याचे उत्तर देऊ लागतात. एकदा शुल्क भरले की चित्रफिती केव्हाही पाहता येतात, हे शोकात असलेल्या माणसाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे, कारण त्याचे वेळापत्रक त्याच्या हाती नसते.

साहित्याची यादी लांबलचक आहे, पण सुरुवातीला तिच्यातील थोड्याच वस्तू लागतात: जाड कागद, जेसो, मॅट जेल मीडियम, दोन सपाट ब्रश, एक रबरी रोलर, स्पंज आणि तीनचार रंग. ब्रश वापरून झाल्याबरोबर धुवावेत, कारण वाळलेले ॲक्रिलिक पाण्याने निघत नाही. चौथ्या भागासाठी प्रती लेसर प्रिंटरवर आधीच काढून ठेवाव्यात. इंकजेटची शाई सहसा पाण्यात विरघळणारी असते आणि कागद भिजवताच ती पसरते. एकाच मजकुराच्या दोनतीन प्रती जवळ असाव्यात, म्हणजे एखादी फाटली तरी त्याच बैठकीत दुसरी घेता येते.